आईचं कोपर

५ जानेवारी

चिंगे,

पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. आई गेल्यापासून मी तुला लिहिलं नाही आणि आताही हौसेनं लिहीत नाहीये. बबडीचं लग्न ठरलंय, एप्रिलमध्ये. ते तुला ठाऊक असणारच, कारण कामासाठी तुझ्या गावी आली तेव्हा ती दोन दिवस तुझ्याकडेच होती. माझ्या लेकीच्या बातम्या हल्ली आधी मावशीला कळतात आणि मग उरल्या तर मला.

परत आली ती तुझ्या लेसचे तीन तुकडे घेऊन. जेवणाच्या टेबलावर ते मांडून बसली आणि म्हणाली, "आई, लग्नाच्या ड्रेसला मला मावशीच्या हातची कॉलर हवी." चिंगे, तिच्या लग्नाची कॉलर माझ्या कपाटात तयार आहे. पांढरा चाळीस नंबरचा सुती दोरा, आईचा कलत्या पानांचा नमुना. बबडी शाळेत जायची तेव्हापासून निळ्या कागदात गुंडाळून ठेवली आहे. ती काढून दाखवली, तर म्हणते, "छान आहे गं, पण ही अगदी तुझ्यासारखी आहे." माझ्यासारखी म्हणजे कशी, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

रात्री सगळे झोपायची वाट न बघता मी तिथंच भिंग आणलं आणि तुझे तुकडे त्याखाली धरले. चूक शोधत होते, दुसरं काय. पहिला तुकडा त्या केसाएवढ्या बारीक ऐंशी नंबरच्या दोऱ्याचा. दुसऱ्यात दर कडीला एक मणी, तोही असा बसलेला की जणू दोऱ्यातच उगवलाय. तिसऱ्यात एकाच दोऱ्यात हिरवा, निळा, जांभळा रंग, आणि प्रत्येक कडी वेगळ्या रंगाची निघालेली. मला एकही चूक सापडली नाही आणि त्या दिवशी माझं जेवणही धड गेलं नाही.

आता तू क्लास घेतेस, लोक तुझे व्हिडिओ बघतात. मीही बघते. बबडीच्या बाबांच्या टॅबवर, आवाज बंद करून. हात बघायचे तर बडबड कशाला ऐकायची? आणि टॅटिंगमध्ये शिकवण्यासारखं आहे तरी काय? बोटभर लांबीचं शटल, त्याच्या पोटात गुंडाळलेला दोरा. डाव्या पंजावर दोऱ्याचा फास घ्यायचा, त्यावर शटलनं गाठीमागून गाठ मारायची आणि ओढलं की फासाची कडी होते. सुई नाही, यंत्र नाही. आपण दोघी हे फ्रॉकच्या वयात करायचो.

डावा पंजा म्हटलं मी, पण तुझं सगळंच उलटं. अजूनही शटल डाव्या हातात. लिहितेस उजव्या हातानं, कात्री उजव्या हातानं, केस विंचरतेस उजव्या हातानं, आणि टॅटिंग तेवढं डाव्या. मला लहानपणी तो नखरा वाटायचा. आता तुझे शिष्य त्याला शैली म्हणत असतील.

तर निरोप एवढाच, की कॉलरच्या भानगडीत पडू नकोस. लग्नाला यायचं तर ये. पाहुण्यासारखी ये.

ताई


१९ जानेवारी

चिंगे,

पत्राचं उत्तर म्हणून कोणी रेशमाची गुंडी पाठवतं का? एक ओळ नाही, चिठ्ठी नाही. पाकीट फोडलं तर आत कबुतराच्या पंखासारखा राखाडी दोरा आणि त्यातच केलेलं एक बोटभर पान. पान आईच्याच नमुन्याचं.

बबडीनं ते खिडकीशी नेऊन बघितलं आणि निकाल देऊन टाकला. दोरा मावशीचा, नमुना आजीचा, आणि कॉलर दोघींची, अर्धी-अर्धी. "ड्रेसची बटणं मागं आहेत. तुम्ही दोघी मागून सुरू करा आणि गळ्याशी येऊन भेटा," असं म्हणाली. वकिलीण होणार म्हणून शिकवली, ती आता घरातच तंटे मिटवतेय. मी म्हटलं, माझी तयार कॉलर आहे तिचं काय? तर म्हणाली, "ती मी एरवी घालीन." एरवी म्हणजे कधी, चिंगे? भाजी आणायला जाताना?

हो म्हटलं मी. नाही म्हटलं असतं तर तिनं तुझ्याकडून अख्खी करून घेतली असती, एवढं तिला मी ओळखते.

रेशीम हातात धरवत नाही. सुती दोरा सांगितलेलं ऐकतो, गाठ घातली की बसतो. हे तुझं रेशीम गाठ घालेपर्यंत गोड बोलतं आणि मग सरकतं. पहिल्याच पानाची कडी मी नेहमीच्या सवयीनं करकचून ओढली, आणि मग लक्षात आलं की मधली एक गाठ राहिलीय. एकदा ओढलेली कडी उघडत नाही हे तुला मी सांगायला नको. कात्री लावली. दुसऱ्या पानालाही लावली. बबडीचे बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कॉलर करतेयस की कापतेयस?"

आईचं शिंगाचं शटल असतं तर रेशीम सरकलं नसतं. ते आतून गुळगुळीत आहे, चोच बारीक आहे. माझं प्लॅस्टिकचं दोऱ्याला ओरबाडतं. ते शटल आईनं आपल्या हातानं तुला दिलं, मी समोर उभी असताना, आणि मला म्हणाली, "तुझा हात काय, कशानंही चालेल." मी तेव्हा मान हलवली होती. आईचं ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

ताई


८ फेब्रुवारी

चिंगे,

आज दोऱ्यांच्या दुकानात गेले होते. पांढरा चाळीस घ्यायला, नेहमीप्रमाणे. दुकानदारानं रीळ काढलं आणि विचारलं, "बाई, ते क्लास घेतात त्या तुमच्या कोण? तुमच्यासारखाच चेहरा आहे."

"धाकटी बहीण."

"अरे वा. म्हणजे तुम्हीही करता?"

चिंगे, त्या माणसाकडून मी माझं अर्धं आयुष्य दोरा घेतेय. आईसोबत जायची तेव्हा त्याचे वडील गल्ल्यावर बसायचे. त्याला वाटत होतं मी गोधड्या शिवते.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की मी त्याला म्हटलं, "पांढरा राहू द्या, रंगीत काय काय आहे ते काढा." रंग बदलणारा दोरा घेतला, जरीचा घेतला, तो केसाएवढा बारीकही घेतला, मण्यांची पुडी घेतली. पिशवी घरी स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्यामागं लपवली. या वयात मी दोरे लपवतेय, आणि तेही तुझ्यामुळे.

सगळं करून बघितलं. दुपारी घर रिकामं असतं तेव्हा. जरीचा दोरा दोन-चार गाठींतच उसवून त्याची तार बाहेर येते. तुझा का येत नाही, ते मला अजून कळलेलं नाही. बारीक दोऱ्याची एक कडी पूर्ण झाली, ती जमिनीवर पडली आणि झाडूनही सापडली नाही. मणी आधी दोऱ्यात ओवून घ्यायचे असतात हे मला अर्धं पान झाल्यावर सुचलं. पण तो रंग बदलणारा दोरा. तो हातात असताना मी घड्याळाकडे बघितलंच नाही. पुढची कडी कुठल्या रंगाची निघेल ते आपल्याला ठाऊकच नसतं. निळं येईल म्हणावं तर अर्धं जांभळं होऊन बसतं. असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. माझी पुढची कडी कशी असणार हे मला कायम आधीच ठाऊक असायचं.

मग राग आला. हे सगळं तू लहानपणापासून करत होतीस. शिंप्याच्या ऑर्डरी यायच्या, पांढऱ्या कॉलरी, पांढरे कफ, त्या आई आणि मी करायचो. खिडकीशी तो अरुंद बाक, त्यावर आई आणि तिच्या उजव्या हाताला मी. तुला उरलेसुरले रंगीत दोरे मिळायचे आणि तू समोर तिपाईवर बसून वाटेल ते करायचीस. माझी ओळ वाकडी गेली तर आई न बोलता कात्री पुढं करायची. तुझी वाकडी गेली तर हसायची. मी बाजूला बसून ऐकायची. हसताना ती कधी माझ्याकडे वळली नाही, कारण तिची नजर समोर असायची, तुझ्यावर.

मला तुझा हेवा वाटतो. हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली, आणि लिहून काही बरं वाटलं नाही.

माझ्या अर्ध्या भागातली निम्मी पानं झालीत. रेशीम आता ऐकतं.

ताई


१ मार्च

चिंगे,

घाईत लिहितेय. रेशमाची आणखी एक गुंडी पाठव. माझी थोडी वाया गेली. तुझा अर्धा भाग अजून पोचलेला नाही. हल्ली पोस्टाचा काही भरवसा नाही. पण काळजी करू नकोस, वेळ पडलीच तर मी बघून घेईन.

ड्रेस शिवणाऱ्या बाईंनी मापाला या महिन्याच्या शेवटी बोलावलंय.

ताई


१६ मार्च

चिंगे,

गुंडी मिळाली. या वेळी सोबत पानही नव्हतं. तू काय ते ओळखलं असणार.

तुझा अर्धा भाग अठ्ठावीस फेब्रुवारीलाच आला होता. पोस्टमननं माझ्याच हातात दिला. बबडी ऑफिसात होती. मी पाकीट उघडलं, बघितलं, पुन्हा बंद केलं आणि पिठाच्या डब्यामागं ठेवलं. मग तुला ते पत्र लिहिलं. माझा बेत असा होता, की दुसरा अर्धा भागही मीच करायचा, जोडून टाकायचा आणि बबडीला सांगायचं, मावशीचं पाकीट हरवलं, शेवटी आईच धावून आली. मग तू लग्नात पाहुण्यांत बसशील आणि सगळे विचारतील, कॉलर कोणी केली. मी काही बोलणार नव्हते. बबडीच सांगणार होती.

गुंडी आल्यावर मी जेवणखाण विसरून बसले. आता रेशमावर माझा हात बसला होता, सरसर पानं होत होती. परवा दुपारी दुसरा भाग संपला. टेबलावर काळं कापड घातलं, पहिला भाग मांडला, शेजारी दुसरा मांडला. आणि बघतच राहिले.

आईच्या पानांचं तुला ठाऊक आहेच. प्रत्येक पान आधीच्या पानाला जोडलेलं, म्हणून त्याच्याकडेच कललेलं. आईच्या कॉलरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग व्हायच्या, सगळी पानं एकाच दिशेला कलायची, ते डोळ्यांत भरायचं नाही. अर्धी-अर्धी कॉलर आपल्या घरात कोणी केलीच नव्हती. आता माझ्या एका भागाची पानं गळ्याकडे पाठ करून होती आणि दुसऱ्या भागाची गळ्याकडे तोंड करून. भांडण झाल्यासारखी. मधोमध, बबडीच्या हनुवटीखाली.

मग दुसरा भाग उलटा करून ठेवला. पानं बरोबर कलली, पण आता लेसची उलटी बाजू वर आली. दर जोडावर दोऱ्याची ती आडवी रेघ. लोकांना दिसणार नाही, असं मी मनाला समजावलं. बबडीचे बाबा चहा घेऊन आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "ही बाजू आतली आहे का?" या माणसाला लग्नाच्या इतक्या वर्षांत टॅटिंग आणि क्रोशा यांतला फरक कळलेला नाही, त्याला दिसलं.

उजव्या हातानं काम करणारी बाई दुसरी बाजू करूच शकत नाही, चिंगे. कितीही करा, पुन्हा पहिलीच बाजू होते.

मी पिठाच्या डब्यामागून तुझं पाकीट काढलं. तुझा भाग माझ्या पहिल्या भागाशेजारी ठेवला. पानं गळ्यापासून दोन्हीकडे सारखीच मागं कलली, सुलट बाजू वर, जशी आरशात. आणि मापात तसूभरही फरक नाही. तू तर सैल ओढायचीस, आई तुला ओरडायची नाही पण माझ्यापाशी म्हणायची. कधीपासून इतकं घट्ट ओढायला लागलीस? की माझ्या हाताशी जुळावं म्हणून ओढलंस?

मला जरा आनंद व्हावा ना? नाही झाला. मी ते दोन्ही तुकडे तसेच टाकून आत जाऊन पडले. सगळ्या जगात माझ्या कामाला जोड म्हणून एकच हात आहे आणि तो तुझा असावा, याचा मला इतका संताप आला, की डोळ्यांत पाणी आलं.

ताई


२३ मार्च

चिंगे,

काल मी आवाज लावला.

तुझाच एक जुना व्हिडिओ, तो कोवळ्या पोपटी दोऱ्याचा. हात बघून पाठ झालेत. पण डाव्या हाताचं कोडं सुटत नव्हतं. तुझं काम माझ्या बरोबर उलट का, हे मला तुला विचारायचं नव्हतं. टॅबवरचं ते बटण दाबलं. आधी तुझा आवाज ऐकून दचकले. अगदी आईसारखा झालाय. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, बबडीनंही नाही.

एक मुलगी तुला विचारते, "मॅडम, तुम्ही डावखुऱ्या आहात का?" आणि तू हसून म्हणतेस, "छे गं. आमच्याकडे खिडकीशी एक बाक होता, दोघींपुरता. आईच्या शेजारी ताई बसायची. ती जागा तिचीच. मी समोर बसून बघायची आणि जसं दिसेल तसं करायची. आईचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला यायचा, म्हणून माझं शटल डाव्या हातात आलं ते आलंच. पुढं खूप प्रयत्न केला बदलायचा. रोज वाटायचं, एकदा तरी ताई आजारी पडावी आणि मला तिथं बसायला मिळावं."

मी तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. बबडीचे बाबा म्हणाले, "अगं, आता त्या बाईला दम तरी घेऊ दे."

चिंगे, मी खरंच आजारी पडले होते एकदा. कांजिण्या आल्या होत्या. तेव्हाही तू तिपाईवरच बसलीस, कारण मी आतून ओरडून सांगितलं होतं, की माझी जागा कोणी घ्यायची नाही. मला वाटलं होतं तू विसरली असशील.

आता माझं ऐक. तुला वाटलं मला फार काही मिळालं होतं. त्या जागेवरून काय दिसायचं ते सांगते. आईचं कोपर. पोलक्याची बाही, तिला पडलेली सुरकुती आणि कोपर, वर-खाली, वर-खाली. तिचा हात नीट बघायचा तर मला मान वाकडी करावी लागायची. चेहरा तर दिसायचाच नाही. मी तिच्याजवळ बसले म्हणून तिचे कोपराचे धक्के तेवढे खाल्ले. आईला जांभई आली, आईला हसू आलं, आई रडवेली झाली, हे मला तुझ्या तोंडाकडे बघून कळायचं. तू हसलीस की मी समजायची, आई हसली असणार.

आता मला ती आठवायची म्हटलं तरी कोपरच आठवतं. तुला तिचा चेहरा आठवतो ना? समोरून? याचा मला तुझ्या रेशमापेक्षा, क्लासपेक्षा, त्या शिंगाच्या शटलपेक्षाही जास्त हेवा वाटतो. आणि तू तिकडे बसून कोपराचा हेवा करत होतीस. आपल्या दोघींना कोणी काय म्हणावं?

बबडीला सगळं सांगितलं. पिठाच्या डब्यासकट. ती आत जाऊन माझी ती निळ्या कागदातली पांढरी कॉलर घेऊन आली आणि म्हणाली, "नोंदणीच्या दिवशी ही घालते. समारंभाला तुमची." मग म्हणाली, "आई, तू मात्र हद्द केलीस हं." आणि हसायला लागली. तिचं हसणं मी समोरून बघितलं.

ड्रेसच्या बाई उद्या माप घेतील. कॉलर त्यांना अजून दिलेली नाही. तुझा भाग आणि माझा भाग मी जोडत आणलाय. गळ्याशी एकच कडी बाकी आहे, दोघींच्या पानांना धरणारी. तिच्या सगळ्या गाठी माझ्या उजव्या हातानं मारून ठेवल्यात, तुझ्या बाजूचा जोडही घेतलाय, फक्त ओढलेली नाही. फास उघडा ठेवून, दोरा लोंबता ठेवून, काळ्या कापडावर टाचण्यांनी टोचून ठेवलीय. बबडीच्या बाबांना त्या खोलीत जायची बंदी आहे.

तू ये आणि ओढ. लग्नाच्या दिवशी नको, आधी ये, पाहुण्यासारखी तर मुळीच नको. जोर बेतानं लाव, रेशीम आहे, आणि एकदा बंद झालेली कडी माझ्याच्यानंही उघडणार नाही.

शटल घेऊन ये. परत मागणार नाही, नुसतं हातात धरून बघीन. खिडकीशी मी दोन खुर्च्या ठेवल्यात, समोरासमोर. आईकडे बघायचीस तसं तोंड करून तू बस, मला तिकडून बघायचंय.

ताई